एसटी की वडाप?

मराठीत एक बरं आहे. पुस्तकाचीही 'आवृत्ती' निघते आणि सॉफ्टवेअरचीही! फरक एवढाच, की पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून आपल्या कपाटातली पहिली आवृत्ती उघडायची बंद होत नाही. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. काल चालणारा प्रोग्रॅम आज नवीन व्हर्जन आल्यावर 'एरर' दाखवतो आणि आपण बसतो डोकं धरून. (कॉन्व्हेंटवाली मुलगी मराठी विभागात लिहायला बसली आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं, ही विनंती!)

तर मित्रांनो, प्रश्न असा आहे : ओपन सोर्स सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती किती दिवसांनी काढावी? तुम्ही म्हणाल, हा काय मराठी विभागात लिहायचा विषय झाला? पण गेलं वर्षभर आमच्या तिघांच्या ग्रुपमध्ये याच्यावरून रोज भांडण होतंय. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, एक छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या पुस्तकांच्या देवघेवीसाठी आम्ही एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. आता शेजारच्या गावांतली आणखी दोन वाचनालयं तो वापरतात. ग्रुपमधल्या मित्राचं म्हणणं, काही नवीन लिहिलं की त्याच रात्री आवृत्ती काढायची. मैत्रिणीचं म्हणणं, मनात आहे ते सगळं पूर्ण झाल्याशिवाय काढायचीच नाही. आणि मी मध्ये! शेवटी ठरवलं, की मोठे लोक काय करतात ते आधी बघू.

सातारा-कोल्हापूरकडच्या मंडळींना वडाप माहीत असेलच. जीप भरल्याशिवाय सुटत नाही. "हे काय, निघालोच" म्हणत ड्रायव्हर तासभर उभा असतो, आणि तुम्ही आत मांडी आखडून बसलेले असता. एसटीचं वेगळं. वेळ झाली की कंडक्टर घंटी मारतो (निदान वेळापत्रकात तरी!). जो राहिला तो मागच्या गाडीने येईल. सॉफ्टवेअरच्या जगातही हेच दोन प्रकार आहेत.

डेबियन हे लिनक्सचं जुनं वितरण. त्यांचं धोरण वडापचं : तयार होईल तेव्हा निघेल. त्यांची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ आली जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं! तोपर्यंत आतली कित्येक सॉफ्टवेअर्स शिळी झाली होती. मधल्या काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर उबुंटू आलं, आणि त्यांनी सरळ एसटीचं वेळापत्रक लावलं. दर सहा महिन्यांनी, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. आवृत्तीचा आकडासुद्धा तारखेचाच : ४.१० म्हणजे २००४ सालचा दहावा महिना. २००६ मध्ये एप्रिलची गाडी उशीर होऊन जूनमध्ये सुटली, तर आकडाही ६.०४ ऐवजी ६.०६ झाला. याला म्हणतात प्रामाणिकपणा! डेबियनही नंतर सुधारलं. २००५ नंतर त्यांची नवी आवृत्ती साधारण दोन-दोन वर्षांनी येते.

खुद्द लिनक्स कर्नलचंही असंच झालं. २.४ जानेवारी २००१ मध्ये आलं, २.६ डिसेंबर २००३ मध्ये. मधल्या काळात लोकांना नव्या गोष्टी हव्या असायच्या, म्हणून वितरणवाल्या कंपन्या प्रयोगाच्या २.५ मालिकेतले तुकडे उचलून जुन्या २.४ ला जोडायच्या. म्हणजे गोधडीच! पुढे लिनस टोरवाल्ड्सच्या मंडळींनी पद्धतच बदलली. आता दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल येतं. पहिले दोन आठवडे नव्या गोष्टी आत घ्यायच्या, मग दार बंद, आणि उरलेले आठवडे फक्त दुरुस्त्या.

हे वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पुढची गाडी तीन वर्षांनी असेल, तर प्रत्येक जण आपला अर्धाकच्चा कोड याच गाडीत कोंबणार, दाराला लटकून का होईना! पुढची गाडी दहा आठवड्यांनी आहे हे माहीत असलं, की माणूस म्हणतो, जाऊ दे, नीट करून पुढच्या वेळी देतो. म्हणजे वेळापत्रकाचा खरा फायदा घाई कमी होण्यात आहे. माझ्या मैत्रिणीला हा मुद्दा पटला. अर्धी लढाई जिंकली!

मग मित्राचं काय चुकलं? रोज रात्री काढली आवृत्ती तर बिघडलं कुठे? त्याच्याकडे उदाहरण होतं फायरफॉक्सचं. २०११ च्या मार्चमध्ये त्यांची चौथी आवृत्ती आली, मग त्यांनी दर सहा आठवड्यांचा नेम धरला आणि डिसेंबरपर्यंत नववी काढली! पण त्याची पुढची गोष्ट मी त्याला सांगितली. ऑफिसं आणि कॉलेजं वैतागली, कारण त्यांना प्रत्येक आवृत्ती आपल्या कामाशी तपासून बघायला वेळच मिळेना. मग जानेवारी २०१२ मध्ये फायरफॉक्सला त्यांच्यासाठी एक वेगळी, संथ आवृत्ती काढावी लागली, जिच्यात जवळपास वर्षभर फक्त दुरुस्त्या येतात.

आमच्या ग्रंथपाल काकांनी हेच एका वाक्यात सांगितलं होतं, "पोरी, पुस्तक परत घ्यायचं बटण हाय तिथंच राहू दे." काकांनी मॉनिटरच्या शेजारी एक कागद चिकटवलाय. त्यावर बॉलपेनने क्रमाने लिहिलंय, आधी कुठे दाबायचं, मग कुठे. आम्ही एक बटण हलवलं, की तो कागद खोटा ठरतो. आणि मार्चअखेर त्यांना वर्षाचा अहवाल करायचा असतो, त्यावर अनुदान अवलंबून. आवृत्ती काढायला आम्हाला एक रात्र लागते, पण शिकायला काकांना पंधरा दिवस लागतात. हिशोब करायचा तर तो पंधरा दिवसांचा करायला हवा ना?

मात्र दुरुस्त्यांना वेळापत्रक नको. ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही चूक मार्च २०१२ च्या १.०.१ आवृत्तीत शिरली आणि दोन वर्षांनी, ७ एप्रिल २०१४ ला, तिच्यावरची दुरुस्ती आली. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे जुनी ०.९.८ मालिका होती ते त्यातून सुटले! पण ज्यांच्याकडे १.०.१ होती, त्यांनी "पुढच्या सहामाहीत बघू" म्हणून चाललं असतं का? आग लागल्यावर बंब वेळापत्रक बघत नाही.

म्हणून आमचं असं ठरलं. नव्या गोष्टी वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. जानेवारी ते मार्च वाचनालयात काही हलवायचं नाही. दुरुस्ती मात्र सापडेल त्या दिवशी, आणि तिच्यात एकही बटण हलणार नाही.

पण एक गोष्ट अजून मला छळते. 'एक्सझेड' नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या लिनक्समध्ये असलेलं. ते मुख्यतः एकच माणूस फुकट सांभाळत होता, आणि दमला होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला : काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दे. एक मदतनीस हजरच होता! पुढे आवृत्ती काढायचा अधिकारही त्याच्याकडे गेला, आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ च्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा निघाला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय अशी शंका आली, म्हणून ते सापडलं. संथ चालणाऱ्या डेबियन स्टेबलमध्ये त्या आवृत्त्या तोवर पोचल्याच नव्हत्या.

म्हणजे 'किती दिवसांनी' याचं उत्तर सांभाळणाऱ्याच्या अंगात किती बळ आहे, यावरही ठरतं. पाळता येईल तेवढंच वेळापत्रक लावावं. आम्ही तिघं पुढच्या वर्षी बी.ई. ला, मग प्लेसमेंट, मग कोण कुठे! काकांचा कागद तर तिथेच असणार आहे.

तेव्हा एस.ई. वाल्यांनो, डिसेंबरच्या गाडीला ड्रायव्हर हवेत. मराठी टाइप करता येत नसलं तरी चालेल, आम्ही शिकवू. येताय ना?

— टी.ई., कॉम्प्युटर