निकाल

आमच्या घरात ‘निकाल’ हा शब्द जपून वापरीत. मी परीक्षेत पास झालो तरी आजी म्हणे, “पास झालो म्हण, निकाल लागला म्हणू नकोस.” 1962 साली आजोबांच्या शेताच्या दाव्याचा निकाल लागला आणि सांगलीचे आम्ही व साताऱ्याचे चुलत घर यांचे येणेजाणे संपले. ट्रंकेत मोहोर उठवलेला एक कागद होता. ‘वादीचा दावा खर्चासह रद्द.’ एवढ्या चार शब्दांवर दोन पिढ्या अबोला चालला. न्यायाधीशाने पैसे खाल्ले, हे तर घरात रामरक्षेइतके पाठ!

गेल्या वर्षी मी वर्गात रामशास्त्री प्रभुणे शिकवीत होतो. साताऱ्याजवळच्या माहुलीचे शास्त्री. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारे म्हणून प्रसिद्ध. एका मुलीने विचारले, “सर, रामशास्त्री न्यायाधीश आणि रानडे न्यायमूर्ती, असं का?” रानडे 1893 साली मुंबईच्या हायकोर्टात न्यायाधीश झाले, हायकोर्टाच्या न्यायाधीशालाच न्यायमूर्ती म्हणतात, जिल्ह्याच्या नाही, असे मी ठोकून दिले. संध्याकाळी मात्र एका वकील मित्राकडे जाऊन खात्री करून घेतली. बोलता बोलता ट्रंकेतला कागद निघाला. तो म्हणाला, “हा नुसता हुकूमनामा. निकालपत्र कुठंय?”

मला दोन्ही एकच वाटत. पण 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दोहोंच्या व्याख्या निराळ्या आहेत. पक्षकारांच्या हक्कांबद्दल कोर्टाने काय ठरवले, ते हुकूमनामा सांगतो. ते का ठरवले, याची न्यायाधीशाने दिलेली कारणे म्हणजे निकालपत्र. मास्तरची छडी हा झाला हुकूमनामा. मी आजवर किती मुलांना निकालपत्र दिले, हे न विचारलेले बरे.

अर्ज केला, हेलपाटे घातले आणि एकदाची नक्कल हाती आली. नऊ पाने. सातव्या पानावर न्यायाधीशांनी लिहिले होते की, शेतात वादीचा हिस्सा होता असे कागदांवरून दिसते. परंतु प्रतिवादीने तो हक्क उघडपणे नाकारून बारा वर्षांहून अधिक काळ जमीन आपल्या ताब्यात ठेवली, सबब दावा मुदतीबाहेर आहे.

म्हणजे आजोबा खोटे नव्हते, त्यांना उशीर झाला होता. आणि उशीर का, ते आजी सांगत असे. सख्ख्या भावावर दावा कसा लावायचा, म्हणून ते थांबले होते.

दिवाळीच्या सुट्टीत ती नक्कल घेऊन मी साताऱ्याला गेलो. अण्णाकाकांनी ऐंशीव्या वर्षी भिंग लावून सगळी पाने वाचली. सातव्या पानावर बराच वेळ थांबले.

“आमच्याकडंही नुसता हुकूमनामाच होता रे,” ते म्हणाले. मग आत वळून हाक मारली, “अहो, सांगलीचा आलाय. ताट वाढा.”