हुंबरळीचा बेडूक आणि एकसष्ट वर्षांची रात्र

पुणे

चि. ईशास,


तुझं पत्र पोचलं. त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की उत्तर दोन ओळींत उरकणं बरं नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका बेडकाची अंडी फळताना नर-मादीचा एकमेकांना स्पर्शही नसतो, ही बातमी तू तिकडे इंग्लंडमध्ये वाचलीस आणि विचारलंस, की १९५५ साली ज्या बेडकाला शास्त्रीय नाव मिळालं त्याची एवढी मोठी गोष्ट कळायला २०१६ साल का उजाडावं लागलं? कोयनेचा परिसर काही जगाच्या टोकाला नाही. मुंबई-पुण्याचे अभ्यासक तिथे पिढ्यान्‌पिढ्या जात आले. माझं उत्तर असं, की ज्या पद्धतीनं आपण इतकी वर्षं बेडूक शिकत आलो, त्या पद्धतीला ही गोष्ट दिसणं शक्यच नव्हतं. बेडूक कळतो तो जिवंत असताना, रात्री, त्याच्या पावसात आणि त्याच्या जागेवर. आणि असा न कळलेला बेडूक वाचवणंही अवघड होऊन बसतं. हे नुसतं मत म्हणून घेऊ नकोस, पुढचा पुरावा तपासून ठरव.

या बेडकाला इंग्रजीत बॉम्बे नाइट फ्रॉग म्हणतात. उत्तर सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी राहणारा हा लहानसा, मातकट रंगाचा, सुरकुतलेल्या कातडीचा रात्रबेडूक. त्याच्या प्रजातीचे (जीनसचे) सगळे बेडूक पश्चिम घाटातच सापडतात, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. १९५५ साली भादुरी आणि कृपलानी या अभ्यासकांनी त्याचं वर्णन केलं आणि मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्यावरून त्याला ‘हुमायुनी’ हे नाव दिलं. अशा वर्णनाचा आधार असतो तो जपून ठेवलेला नमुना: लांबी किती, बोटांमधला पडदा कुठवर, पाठीवरच्या घड्या कशा. हे सगळं अचूक नोंदलं गेलं. पण बाटलीतला नर आणि बाटलीतली मादी एकमेकांशी काय करत होती, हे कुठलीही मोजपट्टी सांगणार नव्हती. ते सांगितलं दिल्ली विद्यापीठाच्या सत्यभामा दास बिजू यांच्या गटानं. या गटात आपल्याकडचे अभ्यासक वरद गिरीही होते. कोयनेजवळच्या हुंबरळी गावाच्या परिसरात, पावसाळी जंगलातल्या ओढ्याकाठी त्यांनी ४० रात्री काढल्या.

तिथे दिसलं ते असं. जगातल्या बहुतेक बेडकांमध्ये नर मादीच्या पाठीवर चढून तिला काखेत किंवा कमरेला घट्ट मिठी मारतो, आणि ती अंडी घालत असतानाच त्यांवर शुक्राणू सोडतो. या मिठीचे सहा प्रकार तोवर माहीत होते. हुंबरळीच्या बेडकाचा नर मादीच्या पाठीवर येतो खरा, पण तिला धरत नाही. त्याचे हात पानावर, फांदीवर किंवा जमिनीवर टेकलेले असतात. तो तिच्या पाठीवर शुक्राणू सोडतो आणि बाजूला होतो. मादी अंडी घालते ती त्यानंतर, आणि तिच्या पाठीवरून, मागच्या पायांवरून ओघळत आलेल्या शुक्राणूंनी ती फळतात. हा सातवा प्रकार जगात प्रथमच नोंदला गेला. शिवाय या जातीत मादीही आवाज करते. बेडकांच्या जगात हे दुर्मीळ मानलं जातं. तोवर जेमतेम पंचवीस जातींत त्याची नोंद होती. आणि या अंड्यांवर मांजऱ्या साप ताव मारतो, हेही त्याच रात्रींत दिसलं. या तिन्ही गोष्टींसाठी दुर्मीळ यंत्र लागलं नाही. लागला तो ऋतू, अंधार, कॅमेरा आणि एकाच ओढ्याकाठी रात्रीमागून रात्र थांबायची तयारी.

आता आपल्याकडे बेडूक शिकवला कसा गेला ते बघ. भारतातल्या कित्येक पिढ्यांनी विज्ञानशाखेत बेडूक पाहिला तो मेणाच्या ट्रेमध्ये, टाचण्या टोचून उताणा ठेवलेला. त्याच्या हृदयाचे कप्पे, यकृताचे भाग, मज्जातंतू या सगळ्यांच्या आकृत्या मुलांना तोंडपाठ असत. पण तोच बेडूक पहिल्या पावसात शेताच्या बांधाआड कसा हाक देतो, वर्षातले कोरडे महिने कुठे काढतो, हे परीक्षेत कुणी विचारलं नाही. २०११ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्यानं कमी करायला सांगितलं ते योग्यच झालं, पण ट्रे उचलल्यावर त्या जागी ओढा आणून ठेवायचं राहून गेलं. पाठ्यपुस्तकातलं जीवनचक्र अजून तेच आहे: पाण्यात अंडी, मग शेपटीचा टॅडपोल, मग पाय फुटलेला बेडूक. सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांना ते लागूच पडत नाही. त्यांची अंडी पाण्याबाहेर असतात, टॅडपोलची अवस्था अंड्यातच संपते आणि बाहेर पडतो तो थेट नखाएवढा तयार बेडूक. पुण्याचे ज्येष्ठ प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या नावाचा ‘राओर्चेस्टेस घाटेई’ हा त्याच प्रजातीतला, २०१३ साली वर्णन झालेला बेडूक. म्हणजे ज्या राज्यात मुलं टॅडपोलची आकृती गिरवतात, त्याच राज्याच्या डोंगरांत ती आकृती खोटी ठरवणारे बेडूक झुडपाझुडपांवर बसून टिकटिक करत असतात.

यावर पहिला आक्षेप संग्रहालयाच्या बाजूनं येईल. नमुने जमवले नसते, नावं दिली नसती, डीएनए तपासला नसता, तर हुंबरळीला आपण कुठला बेडूक पाहतो आहोत हेच कळलं नसतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पश्चिम घाटातले कितीतरी बेडूक दिसायला इतके सारखे की डीएनएशिवाय ते वेगळे काढणं कठीण. २०१७ साली सात नवे रात्रबेडूक जाहीर झाले, त्यांतले चार तर अंगठ्याच्या नखावर मावतील एवढे. पण नव्या जाती हाती लागतात त्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. दिसायला सारखे नर निरनिराळी हाक देतात, आणि ती हाक ऐकूनच अभ्यासक थबकतो. उलट, ऋतूची आणि जागेची जोड नसेल तर नमुना हाती असूनही अर्थ लागत नाही. केरळातला जांभळा बेडूक याची साक्ष आहे. त्याच्या टॅडपोलचं वर्णन १९१८ सालीच झालं होतं, पण ते कुणाचं पिल्लू हे ठाऊक नव्हतं. प्रौढ बेडकाचं वर्णन बिजू आणि बोस्युट यांनी केलं ते २००३ साली. वर्षभर जमिनीखाली राहणारा हा प्राणी पावसाच्या तोंडावर प्रजननापुरता काही दिवस वर येतो. विहिरी आणि चर खणणाऱ्या माणसांना तो अधूनमधून भेटत होता. शास्त्राला भेटला नाही, कारण शास्त्र चुकीच्या दिवशी तिथे जात होतं. तेव्हा संग्रहालय हवंच, पण त्याचं दार ओढ्याकडे उघडणारं हवं.

दुसरा आक्षेप जास्त रोखठोक आहे: एवढ्याशा बेडकाचं मीलन कळून कुणाचं काय भलं होणार? याचं उत्तर आंबोलीत आहे. आंबोलीचा भेक (इंग्रजीतला टोड) २००९ साली वेगळी जात म्हणून जाहीर झाला. तो फार लहान टापूत राहतो आणि नष्ट होण्याच्या सर्वाधिक धोक्यातल्या जातींत गणला जातो. त्याच्या आणि कोयनेच्या भेकाच्या प्रजननाचा अभ्यास झाला तेव्हा कळलं, की पहिल्या पावसात हे भेक जांभ्याच्या उघड्या कातळावर, खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. कोकणात आपण अशा कातळाला सडा म्हणतो. उन्हाळ्यात सड्यावर गवताची काडी दिसत नाही, म्हणून ती जमीन पडीक समजली जाते. जांभ्याचे चिरे काढायला, बांधकामाला सगळ्यांत आधी तीच दिली जाते. भेक जंगलाच्या आसपास राहतो एवढंच माहीत असेल, तर जंगल राखून सडा खणायला कुणाचीच हरकत नसेल, आणि जात मात्र संपेल. तीच गोष्ट रात्रबेडकाची. त्याची अंडी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर असतात आणि पिल्लं खालच्या पाण्यात पडतात. ओढा तसाच ठेवून काठची झाडी ‘साफ’ केली, तरी त्याचा वंश खुंटेल. जगातल्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेला जागतिक आढावा सांगतो. त्यांना वाचवायचं तर कुठला कोपरा, कुठला महिना, कुठलं पान राखायचं हे ठाऊक हवं, आणि ते प्रयोगशाळेत बसून ठरत नाही.

ज्यांच्या नावाचा हा बेडूक आहे त्या अब्दुलअलींची आठवण इथे काढायलाच हवी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात होत होती आणि भरात असताना ती वर्षाला चार हजार टनांच्या पुढे गेली होती. माल कुठून येत होता? पावसाळी रात्री, हाका देत पाणथळीत जमलेल्या मोठ्या बेडकांना उजेडात पकडून. म्हणजे नेमकी प्रजननाला आलेली पिढी उचलली जात होती, आणि शेतातली कीड खाणारा प्राणी परकी चलनासाठी विकला जात होता. अब्दुलअलींनी या व्यापाराविरुद्ध सविस्तर लिहिलं, पाठपुरावा केला. १९८७ साली भारतानं निर्यात थांबवली. आजही पावसाळ्यात गोव्यात आणि इतरत्र चोरून बेडूक पकडले जातात, म्हणजे काम संपलेलं नाही. पण बेडूक केव्हा आणि कुठे जमतो हे पकडणाऱ्याला पक्कं माहीत असतं; वाचवणाऱ्याला ते त्याच्याहून जास्त माहीत असलं पाहिजे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, आणि तो तुझ्यासारख्या उत्साही मुलीनं मनावर घ्यावा असा आहे. सगळेच जर पावसात बेडूक बघायला निघाले तर बघण्यानंच त्यांचा जीव जाईल. हे खोटं नाही. आंबोली घाटात पावसाळी रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक वाहनांखाली चिरडले जातात, आणि त्यांतली पुष्कळ वाहनं पर्यटकांचीच असतात. बेडकांना रोग जडवणाऱ्या कायट्रिड बुरशीनं ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या जातीच्या जाती पुसून टाकल्या. ती पश्चिम घाटातल्या बेडकांवरही आढळली आहे, आणि ओल्या बुटांवरून, हातांवरून ती एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. म्हणून बघण्याला शिस्त हवी. बेडूक हातात घ्यायचा नाही, फोटोसाठी दगड-पान उलटायचं नाही. मीलन चालू असेल तर प्रखर झोत मारायचा नाही. बूट धुऊन, पूर्ण वाळवूनच दुसऱ्या पाण्यात पाय घालायचा. आणि दहा जागा हिंडण्यापेक्षा एकच जागा पुन्हा पुन्हा पाहायची. हुंबरळीचा शोध अशा थांबण्यातूनच लागला. गर्दीतला माणूस बेडूक पाहतो तो क्षणभर, आणि क्षणभरात बेडकाचं फक्त रूप दिसतं, वागणं दिसत नाही. म्हणजे जी शिस्त बेडकाला वाचवते, तीच शिस्त ज्ञानही देते.

तुला वाटेल, हे सगळं सह्याद्रीचं झालं, मी इंग्लंडमध्ये राहून काय करू? तुमच्याकडे मूळचे बेडूक आणि भेक मिळून चारच जाती आहेत. इथे नवशिक्याची जी त्रेधा उडते ती तिथे उडणार नाही. वसंताच्या तोंडाशी, उबदार ओल्या संध्याकाळी भेक आपल्या जुन्या तळ्यांकडे चालत निघतात, आणि रस्त्यात ते चिरडले जाऊ नयेत म्हणून फ्रॉगलाइफ या संस्थेच्या उपक्रमातले स्वयंसेवक त्यांना बादल्यांतून पलीकडे सोडतात. या वेळी त्यांच्यात नाव नोंदव. त्यांच्याच देखरेखीखाली, त्यांच्या पद्धतीनं भेक कसा उचलायचा ते शीक. मग तळ्याकाठी थांब: बेडकाची अंडी पुंजक्यानं असतात आणि भेकाची लांब माळेसारखी पाणवनस्पतींना गुंडाळलेली, हे आधी स्वतः ओळख आणि पुस्तक नंतर उघड. तारीख, हवा, वेळ, आवाज आणि जागा यांची वही ठेव, आणि एकाच तळ्याची ठेव. पुढच्या पावसाळ्यात इकडे येशील तेव्हा ती वही बरोबर आण.

तुझा,
मामा