पाइप तापला की जातो कुठे?

चेंबूरहून माहुलकडे जाताना रिफायनरीच्या भिंतीवरून डोकावणारे पाइप अनेकांनी पाहिले असतील. नीट सरळ चाललेला पाइप मध्येच काटकोनात वळतो, थोडा आडवा जातो आणि पुन्हा आपल्या मूळ रेषेवर येतो. बघणाऱ्याला वाटतं, वाटेत काहीतरी अडलं असणार. वाटेत काहीच नसतं. तो जादा पाइप, ते चार एल्बो आणि त्यांच्या वेल्डिंगचा खर्च आमच्यासारख्यांनी मुद्दाम करायला लावलेला असतो. आम्ही म्हणजे पाइपिंगचे स्ट्रेस इंजिनीअर. प्रोजेक्ट मॅनेजरच्या लेखी आमचं काम एकच : खर्च वाढवणं.

आता हिशेब बघा. ३० मीटर लांबीचा साधा पोलादी पाइप. उभारला तेव्हा तापमान ३० अंश, चालू झाल्यावर ३३०. एवढ्या तापण्यानं तो सुमारे १२ सेंटिमीटर लांबतो. दोन्ही टोकं घट्ट धरून ठेवली आणि लांबायला वावच दिला नाही, तर कागदावर त्यात ७०० मेगापास्कलच्या वर ताण येतो. हे पोलाद २४०च्या आसपासच नमतं. यातली गंमत अशी की या आकड्यात लांबी नाही आणि जाडीही नाही. पाइप ३ मीटरचा असो की ३०० मीटरचा, पातळ असो की जाड, अडवलेल्या सरळ पाइपात ताण तेवढाच.

इथेच भल्याभल्यांची अक्कल उलटी चालते. मोडेल असं वाटलं की जाड करायचं, हा आपला जन्माचा संस्कार. आतल्या दाबासाठी तो बरोबर आहे. उष्णतेसाठी मात्र जाडी दुप्पट केली की ताण जवळपास तिथेच राहतो आणि टोकाशी बसणारा रेटा साधारण दुप्पट होतो. त्या टोकाशी असतो पंप. पंपाच्या आठ इंची तोंडावर, म्हणजे नॉझलवर, पंपांचं प्रमाणपुस्तक, एपीआय ६१०, जो भार मान्य करतं तो टनाच्या आसपास. अडवलेला आठ इंची पाइप शंभर टनांच्या पुढच्या गोष्टी करतो. मग पंपाचं अलाइनमेंट बिघडतं, सील गळू लागतं, बेअरिंग जातं आणि दोष मेंटेनन्सच्या माथी बसतो.

म्हणून लूप, भिंतीवरून दिसणारं ते काटकोनी वळण. काटकोनातल्या बाजू वाकतात आणि लांबलेले सेंटिमीटर पोटात घेतात. एल्बोची त्यात मोठी मदत होते. वाकताना त्याचा गोल छेद किंचित लंबगोल होतो, त्यामुळे तो सरळ पाइपापेक्षा कितीतरी लवचीक वागतो. थिओडोर फॉन कारमान यांनी याचं गणित १९११ साली मांडलं. पण लवचीकपणा फुकट मिळत नाही. लंबगोल होणाऱ्या एल्बोच्या भिंतीत ताण एकवटतो. हातानं तार मागेपुढे वाकवून तोडतो, तसा पाइपही रोजच्या तापण्या-निवण्यानं थकतो. किती थकतो हे ए. आर. सी. मार्कल यांनी अमेरिकेत १९४०-५०च्या दशकांत प्रत्यक्ष मोडून पाहिलं : एल्बो आणि टी यंत्रावर मागेपुढे वाकवायचे आणि चीर जाऊन गळती होईपर्यंत आवर्तनं मोजायची. आजचं गणित त्याच गळत्यांवर उभं आहे. एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या पाइपिंग कोडमध्ये ७,००० आवर्तनांपर्यंत परवानगीच्या ताणात कपात नव्हती, त्या आकड्याचं मूळ इथलंच. रोज एकदा तापून निवणारी लाइन धरली, तर ही जवळपास वीस वर्षं झाली.

कोडमधली आणखी एक गोष्ट नवख्यांना खटकते. उष्णतेच्या ताणाची परवानगी वजनाच्या ताणापेक्षा बरीच सैल असते. कारण वजन हटत नाही. पोलाद नमलं तरी ते तिथेच लोंबकळत राहतं आणि पाइप खाली येत जातो. उष्णतेला मात्र ठरावीक सेंटिमीटर हवे असतात. पहिल्यांदा तापताना एखाद्या जागी पाइप किंचित कायमचा वाकला, की ती मागणी पुरी होते. पुढची तापणी-निवणी तो निमूट सोसतो. वजनाला आधार द्यावा लागतो, उष्णतेला वाट. आमचा सगळा व्यवसाय या दोघांच्या भांडणात मध्यस्थी करण्याचा आहे.

पाइपावरच्या रेट्यांचा असा विचार कुणीच केला नाही तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोचं. नायप्रो कंपनीच्या कारखान्यात सायक्लोहेक्झेनच्या सहा रिअॅक्टरांची उतरती रांग होती. मार्च १९७४ मध्ये पाचव्याला चीर सापडली. तो काढून चौथा आणि सहावा २० इंची तात्पुरत्या पाइपानं जोडायचं ठरलं. दोन्हींची उंची वेगळी, म्हणून पाइपाला दोन वाक. दोन्ही टोकांना २८ इंची बेलोज, म्हणजे घड्यांचे लवचीक जोड. रेखाचित्र म्हणाल तर वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलेलं. हिशेब झाले, नाही असं नाही. प्रवाह पुरेल का? पुरेल. सरळ पाइप म्हणून दाब सोसेल का? सोसेल. पण दाब सुमारे ८.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे २८ इंची तोंडावर ३५ टनांच्या घरातला रेटा. दोन टोकांचे रेटे एका रेषेत नव्हते, त्यामुळे पाइपाला फिरवू पाहणारा जोर बसत होता. बेलोज लांबण्या-आखडण्यासाठी असतात, आडव्या भारासाठी नव्हे. पाइप खालून मचाणाच्या नळ्यांवर टेकलेला होता, धरलेला कुठेच नव्हता. १ जून १९७४ला, शनिवारी दुपारी, जोडणी सुटली. वायूचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. कारखान्यात त्या वेळी हे ओळखू शकेल असा मेकॅनिकल इंजिनीअर नव्हता, अशी चौकशीत नोंद झाली. आज कुठल्याही जबाबदार कारखान्यात तात्पुरती लाइनसुद्धा रीतसर बदलाच्या मंजुरीतून जाते, त्यामागे हा शनिवार आहे.

हल्ली सॉफ्टवेअर हे गणित काही सेकंदांत करतं. पण मॉडेलमध्ये आपण ‘गाईड’, म्हणजे पाइपाला लांबीत सरकू देणारा आधार, लिहिला म्हणून साइटवर फट ठेवलेली असतेच असं नाही. घाईत पाइपाखालचा टेकू, म्हणजे शू, बीमला वेल्ड होतो आणि सरकता आधार अँकर बनून बसतो. पाणी भरून केलेल्या दाबचाचणीसाठी स्प्रिंग हँगरला लावलेल्या पिना तशाच राहतात. फ्लँज जुळत नाही म्हणून चेनब्लॉकनं ओढून बोल्ट मारले जातात आणि कुठल्याही रिपोर्टमध्ये नसलेला ताण पहिल्या दिवसापासून नॉझलवर बसतो. शू आखूड निघाला, तर तापलेली लाइन सरकून बीमवरून खाली उतरते. म्हणून लाइन गरम झाल्यावर एक फेरी मारायलाच हवी : कोण सरकलं, कोण अडलं, कुठला आधार हवेत उचलला गेला.

नव्या मुलांना मी म्हणतो, ताणाचे आकडे मर्यादेत आले म्हणून रिपोर्ट मिटू नका. त्या पानावर पाइप टिकेल एवढंच कळतं. पुढचं पान उघडा : प्रत्येक आधारावर भार किती, सरकणं किती, नॉझलवर रेटा किती. नुसत्या दाबाच्या हिशेबात फ्लिक्सबरोचा पाइपही पास झाला होता.