दोन ऑगस्टचे गोंडे

ऑगस्ट म्हटला की तुमच्याकडे पंधरा तारखेची तयारी सुरू होते. आमच्या सिल्वासात मात्र झेंडा आधी 2 ऑगस्टला चढतो. 1954 साली त्या दिवशी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटले. हा आमचा मुक्ती दिन. सुट्टी, झेंडावंदन आणि बहुतेक वर्षी धो धो पाऊस.

खरी अडचण पावसाचीच. दारावर झेंडूचा हार लावावा, तर त्या दिवसांत फुले महाग आणि ओली होऊन दोन दिवसांत कुजतात. कागदी पताकांचा रंग भिंतीवर उतरतो. म्हणून आम्ही सुताच्या गोंड्यांचे गोल तोरण करतो. सिल्वासात पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने पुष्कळ. कोनावर उरलेले सूत वजनावर स्वस्तात मिळते आणि पावसाने त्याचे काही बिघडत नाही. 2004 साली पहिले तोरण केले, तेव्हा सूत, बांबूची कामटी आणि तार मिळून पंचवीस रुपयेही लागले नव्हते.

कामटी बोटभर रुंदीची घ्यायची आणि रात्रभर पाण्यात ठेवायची, म्हणजे वाकवताना तुटत नाही. जेवणाच्या ताटाएवढे कडे करून टोके तारेने आवळायची. गोंड्यासाठी चार बोटांवर सुताचे साठ-सत्तर वेढे घ्यायचे, अलगद काढून मध्ये घट्ट बांधायचे, दोन्हीकडून कापायचे आणि कात्रीने गोल करायचे. सूत बुळबुळीत असते, गाठ दुहेरी मारा. तीस-पस्तीस गोंड्यांत कडे भरते. अधूनमधून आंब्याची पाने खोचायची, ती मात्र दरवर्षी ताजी.

केशरी, पांढरे, हिरवे गोंडे आम्ही मिसळून बांधतो. तीन पट्टे करत नाही, मध्ये अशोकचक्रही काढत नाही. 2002 च्या ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वज सजावटीसाठी वापरता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. झेंडा तो झेंडा, तोरण ते तोरण. 2021 च्या अखेरीस पॉलिएस्टरच्या राष्ट्रध्वजालाही परवानगी मिळाली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता आपला धागा वर चढला!"

ते पहिले तोरण कोणी केले, ते सांगायला हवे. माझे माहेर बेळगावचे, मराठी. सासर गोकाकचे, कन्नड. आमच्यासारख्या घरांना 1 नोव्हेंबर म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. माहेरी अप्पा त्या दिवशी काळी फीत लावत. सासरी लाल-पिवळा झेंडा आणि गोड जेवण. लग्न झाले, पण दोन्ही घरची वडीलधारी माणसे समोरासमोर बसली ती अक्षता टाकण्यापुरतीच. अप्पांना कन्नड उत्तम येई, पण ते बोलत नसत. अत्तींना मराठी कळे, पण त्या बोलत नसत.

2004 च्या जुलैत मुलाच्या बारशाला दोघेही सिल्वासाला आले आणि पावसामुळे दोघेही अडकले. 1 ऑगस्टला रविवार होता. बाळ मांडीवर, म्हणून सुताचा ढीग मी दोघांपुढे सरकवला. अत्तींनी विचारले, "इदु यार हब्ब?" कोणाचा सण हा?

उत्तर अप्पांनी दिले, माझ्याकडे पाहत, मराठीत. त्यांना हा इतिहास पाठ होता. मराठ्यांनी पोर्तुगिजांचे जहाज घेतले, त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी 1779 च्या तहाने दिलेला हा मुलूख. "आपणच दिलेला," हे त्यांनी जरा हळू सांगितले. मग 1954. जुलैत दादरा आणि नरोली सुटली, मग सिल्वासा. मोहिमेत सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर, विश्वनाथ लवंदे. गोव्याची माणसे, पुण्याची माणसे, इथले वारली. फडक्यांचे गीतरामायण आकाशवाणीवर सुरू झाले 1 एप्रिल 1955 ला, म्हणजे या मोहिमेनंतर आठच महिन्यांनी. हे सांगताना अप्पांचा गोंडा हातात तसाच राही.

पुढचे मात्र त्यांनी सावकाश सांगितले. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला, सैन्य आणि पोलीस भारतातून नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही. तोपर्यंत इथला कारभार इथल्याच लोकांनी वरिष्ठ पंचायत नेमून चालवला. 11 ऑगस्ट 1961 ला हा प्रदेश भारतात सामील झाला. त्या करारावर सही करण्यासाठी बदलानी नावाच्या अधिकाऱ्याला एक दिवसाचे पंतप्रधान केले होते.

"यांचे सात वर्षांत मिटले," अप्पा म्हणाले आणि गप्प बसले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला होता. त्याच्या बातम्यांची कात्रणे त्यांच्या पिशवीत होती, हे मला माहीत होते. अत्तींनाही माहीत असावे. आता काही वाकडे निघते की काय, या धास्तीने मी बाळाला उगीचच थोपटू लागले.

अत्तींनी कडे उचलून दाराच्या उजेडात धरले. "बीगरु," त्या म्हणाल्या, आणि पुढचे मराठीत, "हिरवं कमी पडलंय."

अप्पांनी हिरव्या सुताचा कोन शोधला. "तगोरी," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

त्या दिवशी बेचाळीस गोंडे झाले, हवे होते त्याहून जास्त. उरलेले अत्ती गोकाकला घेऊन गेल्या. एक नोव्हेंबरचा विषय आमच्या घरी पुढेही कोणी काढला नाही. पण अप्पांचा फोन आला की आधी विचारत, "बीगती कशा आहेत?" 2015 साली अप्पा गेले, तेव्हा तेराव्याला अत्ती गोकाकहून बेळगावला आल्या, गुडघे दुखत असताना.

तोरण अजून आहे. कामटी दोनदा बदलली. गोंडे जुलैअखेरीस साबणाच्या पाण्यात बुडवते, पंख्याखाली वाळवते. पांढरे थोडे पिवळट झाले आहेत, ते या वर्षी नवे करायचे आहेत.