आसामला जाताय? मग जापी आणाच!

मैत्रिणींनो, प्रवास ठरला की आपली खरेदीची यादी आधी तयार! आसाम म्हटलं, की चहा आणि मुगा रेशमाची मेखला-चादर तिच्यात असायचीच. त्याखाली आणखी एक नाव लिहून ठेवा – जापी.

जापी म्हणजे बांबू आणि टकौ या ताडजातीच्या झाडाची पानं यांपासून हातानं केलेली रुंद टोपी. मध्ये शंकूसारखा उंचवटा, भोवती पसरट घेर. आपल्या कोकणातल्या इरल्याची ही लांबची बहीणच म्हणा ना! इरलं डोक्यापासून पाठ झाकतं, जापी डोक्यावर छत्रीसारखी बसते.

गुवाहाटीच्या बाजारात लाल-हिरव्या कापडी नक्षीची ‘फुलाम जापी’ आधी डोळ्यांत भरते. बिहूच्या नाचात मुलींच्या हाती हीच, पाहुण्यांच्या सत्काराला गामोसाबरोबर हीच. पण साधी जापीही मागून पाहा बरं का! नांगरणाऱ्याची ‘हालुवा’ जापी, गुराख्याची ‘गरखिया’ जापी. ऊन-पावसाचं खरं काम या करतात.

आम्ही मुद्दाम नलबारी जिल्ह्यात गेलो. जापीच्या कामासाठी हा भाग नावाजलेला. एका अंगणात सासू-सुना बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणत होत्या, त्यावर वाळवलेली पानं बसवून टाके घालत होत्या. मोडक्यातोडक्या हिंदीत आमच्या गप्पा रंगल्या. सासूबाई म्हणाल्या, “रंगीत जापी खपते. साधी कोण घेतो? शेतावर सगळे प्लॅस्टिक पांघरतात.”

माझ्या मनात चर्र झालं. माझ्या सासूबाई लावणीला इरलं घेऊन जायच्या. आज त्यांच्या गावात इरलं विणणारं कुणी उरलेलं नाही. 2024 साली जापीला भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. पण मानानं चूल पेटत नाही, त्याला गिऱ्हाईकच लागतं. “अहो, दोन घेऊ या,” मी म्हटलं. एक फुलाम घेतली, एक साधी.

तुम्ही घ्याल तेव्हा जापी उजेडाकडे धरून पाहा. पानांतून कवडसे दिसले तर पाणीही गळणार. कडेचे टाके ओढून बघा, कुबट वास येत नाही ना हेही पाहा. भाजीबाजारातली घासाघीस मात्र इथे नको. कामट्या तासण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंतचं काम एकदा बघितलंत, की तुमची जीभच रेटणार नाही.

जापीची घडी होत नाही. दोन असतील तर एकीत एक बसवा, मध्ये जुनी सुती साडी घाला आणि हातातच धरा. घरी ओल लागू देऊ नका. धूळ मऊ ब्रशनं झटका, भिजली तर सावलीत पूर्ण वाळवा, आणि ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

आमची फुलाम जापी शाळेत मुलांना आसाम शिकवताना कामी येते. साधी घालून मी गच्चीत पापड-कुरडया वाळत घालते. शेजारणी आधी हसल्या, आता दोघींनी विचारलंय, “आमच्यासाठी मागवता येईल का हो?” तेव्हा भिंतीवर एक खुशाल अडकवा, पण दुसरी वापरा. वापरातली वस्तू चारचौघींना दिसते, आणि विणणारीच्या हाताला काम राहतं.