खाचेत बसणारे हत्यार

यंत्र जुळवण्यापेक्षा ते उघडणे अवघड असते. जुळवणाऱ्याच्या हाती नवे कोरे भाग येतात. उघडणाऱ्याच्या वाट्याला ओल, मळ आणि आधीच्या माणसाची घाई येते.

आमच्या आत्याचे घर आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याकडे. आतोबा गेले आणि त्यांची चेतक स्कूटर चार पावसाळे पडवीतच उभी राहिली. मुलांनी ती भंगारात काढायचे ठरवले, तेव्हा आत्या एवढेच म्हणाली, "काढा, पण आधी एकदा तिचा आवाज ऐकू द्या."

आवाज अडला होता कार्बोरेटरमध्ये. त्यात जेट नावाची पितळेची इवलीशी गुंडी असते. तिच्या जेमतेम मिलिमीटरभर भोकातून इंजिनाला पेट्रोल मोजून मिळते. पेट्रोल उडून जाते, मागे चिकट राळ उरते. त्यात ओल शिरली, की पितळ आणि भोवतालचा मिश्रधातू एकमेकांना धरून बसतात. साधा स्क्रूड्रायव्हर पाचरीसारखा निमुळता. तो खाचेच्या काठालाच टेकतो, जोर लावला की वर उसळतो आणि मऊ पितळ सोलून काढतो. खाच गेली, की जेट गेला.

नारायणगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी जेट पाहिला, पण हात लावला नाही. एक जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन ते कानशीने घासत बसले. पाते दोन्ही अंगांनी सरळ, खाचेइतकेच जाड, खाचेइतकेच रुंद. माझी चुळबूळ पाहून म्हणाले, "गुरुजी, आधी हत्यार खाचेत बसू द्या. बसलं, की जोर कमी लागतो."

मग पेट्रोल पुरते काढून त्यांनी कार्बोरेटर उकळत्या पाण्यात सोडला. त्याचे अंग ॲल्युमिनियमचे असो वा जस्ताचे, तापल्यावर ते पितळेपेक्षा जास्त फुगते. १०० अंशांनी तापवलेली मीटरभर ॲल्युमिनियमची सळई सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, पितळेची १.९. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतात, तीच युक्ती. एवढ्यानेही जेट सुटला नसता, तर उलट्या आट्यांची पोलादी कांडी होतीच. जेटला भोक पाडून ती डावीकडे फिरवली, की आत रुतते आणि जेटला घेऊनच बाहेर येते. पण तिची पाळी आली नाही. 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि जेट फिरला.

दिवाळीच्या आधी आत्याच्या अंगणात स्कूटर सुरू झाली. आत्या खांबाला टेकून ऐकत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "बास. पेट्रोल जाळू नका." भंगाराची गोष्ट मग कोणी काढली नाही.

आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली निघू लागलेला चेतक २०२० मध्ये पुन्हा बाजारात आला, तो विजेवर. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून नव्या नियमांमुळे पेट्रोलच्या बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर गेला. मिस्त्रींचा मुलगा आता गाडीला वायर जोडून तिचे दुखणे पडद्यावर वाचतो. मिस्त्रींनी मात्र त्या पात्यावर तेलाचे बोट फिरवले, मुठीवर रंगाने 'चेतक' असे लिहिले आणि ते डब्यात, हाताशी येईल असे, सर्वांत वर ठेवले.