मनाचे सोवळे
सांडपाणी शुद्ध करून केलेली ‘न्यूब्रू’ ही बिअर सिंगापुरात 2022 साली विक्रीस आली, हे ऐकून सासूबाईंनी नाक मुरडले. सूक्ष्म गाळणी, उलट परासरण, अतिनील किरण अशा पायऱ्यांतून ते पाणी जाते, हे सांगूनही मन मानेना. (मद्याने लघवी वाढते, हे निराळे.) पोलादपूरहून महाडास येणाऱ्या सावित्रीचे पाणी मात्र त्यांना निःशंक चाले. याच महाडात 1927 मध्ये डॉ. आंबेडकरांसह दलितांनी पाणी घेताच चवदार तळे ‘बाटले’ मानून पंचगव्य मिसळलेल्या घागरी त्यात ओतल्या गेल्या! 2021 च्या महापुरानंतर मी उकळलेले पाणी देई. बेचव म्हणून सासूबाई दिवसभरात घोटभरच घेत. अखेर त्यात तुळशीची पाने टाकली. तेव्हा कुठे तांब्या रिकामा होऊ लागला.